प्रस्तावना: नाव एकाचं, गादी दुसऱ्याची

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९८७ रोजी एक निकाल दिला. खटला उभा राहण्याआधीच, केवळ समाजाला धोका आहे म्हणून, आरोपीला जामीन नाकारता येतो का, हा त्यातला प्रश्न होता. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने 'येतो' असं उत्तर दिलं आणि 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध सालेर्नो' हा खटला तिथल्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला. निकालपत्रात सरकारी पक्षाचं म्हणणं नोंदवलं आहे: अँथनी सालेर्नो हा न्यूयॉर्कच्या जेनोव्हीज फॅमिलीचा बॉस आणि त्याच्यासोबतचा आरोपी व्हिन्सेंट कफारो हा तिचा एक कॅप्टन. त्याच्या काही महिने आधी, १९८६च्या नोव्हेंबरात, 'फॉर्च्यून' या उद्योगविषयक नियतकालिकाने माफियातल्या पन्नास बड्या आसामींची यादी छापली होती. तिच्यात पहिला क्रमांक सालेर्नोचाच होता. जानेवारी १९८७मध्ये दुसऱ्या एका खटल्यात त्याला शंभर वर्षांची शिक्षा झाली होती, तीही जेनोव्हीज फॅमिलीचा बॉस म्हणूनच.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला वर्ष व्हायच्या आतच, एप्रिल १९८८मध्ये, हाच कफारो सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीला बसला. एव्हाना तो सरकारचा माणूस झाला होता. त्याने सांगितलं ते असं: सालेर्नो हा दाखवायचा बॉस होता. त्याच्या आधीचे दोघे, फ्रँक टिएरी आणि टॉमी एबोली, हेही दाखवायचेच. खरी गादी फिलिप लोम्बार्डो नावाच्या, वर्तमानपत्रांना जवळजवळ माहीत नसलेल्या माणसाकडे होती आणि १९८१पासून ती व्हिन्सेंट जिगान्टेकडे गेली. जिगान्टे म्हणजे ग्रीनिच व्हिलेजच्या रस्त्यांवरून झोपण्याच्या कपड्यांत, अंगावर बाथरोब चढवून, स्वतःशी पुटपुटत फिरणारा इसम. बघणारे त्याला अर्धवट वेडा समजत होते.

न्यायालय, अर्थजगतातलं प्रतिष्ठित नियतकालिक आणि सिनेट या तिन्ही ठिकाणी एकाच प्रश्नाची दोन विसंगत उत्तरं नोंदली गेली आहेत. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. न्यूयॉर्कच्या पाच माफिया फॅमिलींपैकी जेनोव्हीज ही एक. तिच्या प्रमुखपदाचा इतिहास १९३०च्या दशकापासून वादग्रस्त राहिला आहे. वाचकाची पहिली अपेक्षा अशी असेल, की लेखकाने पुरावे तपासून एकदाचा निवाडा द्यावा आणि राजावळीसारखी एक यादी हातात ठेवावी: अमुक सालापासून अमुक सालापर्यंत अमुक. ती अपेक्षा पुरी करता येईल तेवढी पुढे केली आहे. पण माझ्या मते हा घोळ पुरावे हरवल्यामुळे झालेला नाही. तो मुद्दाम घातलेला होता. या संघटनेने स्वतःच्या माथ्यावर धुकं ठेवण्याची पद्धत बसवली आणि त्या धुक्यामुळेच ती इतर चार फॅमिलींपेक्षा जास्त टिकली. म्हणून हा इतिहास वरून खाली वाचायला गेलं की गोंधळ होतो. खालून वर, म्हणजे रस्त्यावरच्या तुकडीपासून गादीपर्यंत वाचला, की बराचसा उलगडतो.

त्यासाठी आधी रचना समजून घेतली पाहिजे. सगळ्यात वर बॉस, त्याच्या हाताखाली अंडरबॉस आणि त्यांच्या बाजूला सल्ला देणारा, तंटे मिटवणारा कॉन्सिलियेरे. या तिघांना मिळून 'ॲडमिनिस्ट्रेशन' म्हणतात. त्यांच्या खाली कापो किंवा कॅप्टन. प्रत्येक कापोची एक तुकडी असते, तिला तिथे 'क्रू' म्हणतात. तुकडीत विधिपूर्वक शपथ घेतलेले सोल्जर आणि त्या प्रत्येकाभोवती शपथ न घेतलेले, पण धंद्यात सामील असलेले साथीदार. शपथेचा मान इटालियन वंशाच्या पुरुषांनाच. १९५७मध्ये नवी भरती बंद झाली आणि ती पुन्हा सुरू व्हायला १९७६ उजाडलं.

कागदावर ही उतरंड एखाद्या सैन्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात पैशाचा प्रवाह उलटा असतो. बॉस कोणाला पगार देत नाही. सोल्जरने स्वतःच्या हिकमतीवर कमवायचं: आकड्याचा जुगार, व्याजबट्टा, युनियनमधली वसुली, बांधकामाच्या कंत्राटातला वाटा. त्यातला हिस्सा कापोला द्यायचा आणि कापोने तो वर पोचवायचा. बदल्यात सोल्जरला मिळतं ते संरक्षण. दुसऱ्या फॅमिलीच्या माणसाशी भांडण झालं तर त्याच्या बाजूने बोलायला त्याचा कापो बसतो. सोल्जरने थेट बॉसकडे जायचं नाही, मध्ये कापो असतोच. त्यामुळे आयुष्यभर इमानाने हिस्सा भरणाऱ्या माणसालाही शेवटी तो कोणाच्या खिशात जातो हे नेमकं ठाऊक असेलच असं नाही. त्याच्यापुरता बॉस म्हणजे त्याचा कापो.

जेनोव्हीज फॅमिलीच्या तुकड्या मोहल्ल्यांशी बांधलेल्या होत्या. मॅनहॅटनच्या ईस्ट हार्लेममधली ११६व्या रस्त्याची तुकडी आकड्याच्या जुगारावर पोसलेली. माइक कोपोला, मग लोम्बार्डो आणि सालेर्नो हे तिचे लोक. त्याच बेटाच्या दक्षिणेकडे ग्रीनिच व्हिलेजची तुकडी. ती आधी अँथनी स्ट्रोलोकडे होती, मग एबोलीकडे, मग जिगान्टेकडे. हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत जेरार्डो कटेना आणि नेवार्कचा रुजिएरो बोयार्डो, आणि त्या भागाच्या बंदरांवर व गोदी कामगारांच्या युनियनवर त्यांची पकड. पार उत्तरेला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातही हिची एक तुकडी होती. ही नावं लक्षात ठेवावीत, कारण पुढे गादीवर बसलेला किंवा बसवलेला जवळजवळ प्रत्येक माणूस यातल्या कुठल्यातरी तुकडीतून वर आलेला दिसेल.

आता गादीच्या वादाकडे वळू. १५ एप्रिल १९३१ रोजी जो मासेरिया कोनी आयलंडच्या एका उपाहारगृहात मारला गेला आणि १० सप्टेंबरला त्याचा प्रतिस्पर्धी साल्व्हातोरे मारान्झानो स्वतःच्या कचेरीत. या दोन खुनांतून चार्ल्स 'लकी' लुचियानो पुढे आला. 'सर्वांचा बॉस' ही पदवी त्याने मोडीत काढली आणि फॅमिलींच्या प्रमुखांचं 'कमिशन' नेमलं. इथवर वाद नाही. पण १९३६मध्ये थॉमस ड्यूई या सरकारी वकिलाने वेश्याव्यवसायाच्या खटल्यात लुचियानोला तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा मिळवून दिली आणि पहिला प्रश्न उभा राहिला. तुरुंगातला बॉस हा बॉस असतो का?

लुचियानोच्या मागे कारभार व्हिटो जेनोव्हीजकडे जायचा. पण १९३४च्या एका खुनाचं प्रकरण अंगाशी येण्याच्या भीतीने तो १९३७मध्ये इटलीला पळाला आणि कारभार फ्रँक कॉस्टेलोकडे आला. १९४६मध्ये लुचियानोला शिक्षेत सूट देऊन इटलीला हद्दपार करण्यात आलं. जेनोव्हीज याच सुमारास अमेरिकेत परत आणला गेला. त्याच्याविरुद्धचा महत्त्वाचा साक्षीदार कोठडीत विषबाधेने मेला होता, त्यामुळे खटला ढासळला. आता एकाच फॅमिलीचे तीन दावेदार झाले: समुद्रापार संस्थापक, परत आलेला जुना वारस आणि दहा वर्षं घर सांभाळलेला कारभारी. काही लेखक कॉस्टेलोला १९३७पासून बॉस धरतात, काही १९४६पासून, आणि काहींच्या मते तो शेवटपर्यंत लुचियानोच्या वतीनेच बसला होता. तिन्ही म्हणणी मांडता येतात, कारण खुद्द फॅमिलीतही त्या वेळी याचा निकाल लागलेला नव्हता.

तो लावायचा प्रयत्न २ मे १९५७ रोजी झाला. सेंट्रल पार्कसमोरच्या 'मॅजेस्टिक' इमारतीच्या दालनात कॉस्टेलोवर गोळी झाडली गेली. ती डोक्याची कातडी खरवडून गेली आणि तो वाचला. इस्पितळात पोलिसांना त्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. तिच्यावरचा ६,५१,२८४ डॉलरचा आकडा लास व्हेगासच्या 'ट्रॉपिकाना' कॅसिनोच्या उलाढालीशी जुळला. गोळी झाडणारा म्हणून ज्याच्यावर खटला चालला तो ग्रीनिच व्हिलेजच्या तुकडीतला एक माजी मुष्टियोद्धा, व्हिन्सेंट जिगान्टे. कॉस्टेलोने त्याला ओळखायला नकार दिला आणि जिगान्टे सुटला. पण कॉस्टेलोने इशारा ओळखला होता. तो बाजूला झाला आणि जेनोव्हीज गादीवर आला.

त्याचं राज्य किती काळ? त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरला न्यूयॉर्क राज्यातल्या ॲपलाचिन गावी भरलेली देशभरच्या प्रमुखांची बैठक पोलिसांनी उधळली आणि फजिती बैठक बोलावणाऱ्या जेनोव्हीजच्या माथी आली. १९५९मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १४ फेब्रुवारी १९६९ रोजी तो कैदेतच मेला. म्हणजे मोकळ्या हवेत त्याने जेमतेम दोन वर्षं गादी सांभाळली. तरीही आज सगळं जग या फॅमिलीला त्याच्या नावाने ओळखतं. लुचियानोचं नाही, कॉस्टेलोचं नाही, जेनोव्हीजचंच नाव का चिकटलं?

याचं श्रेय जो वलाची या एका सोल्जरला जातं. वलाची हा स्ट्रोलोच्या तुकडीतला माणूस. जून १९६२मध्ये, ॲटलांटाच्या तुरुंगात, जेनोव्हीजने आपल्याला मारायला माणूस पाठवला आहे अशा समजुतीने त्याने एका भलत्याच कैद्याला ठार केलं. फाशीऐवजी जन्मठेप पदरात पाडून घेताना तो बोलायला तयार झाला आणि ऑक्टोबर १९६३मध्ये सिनेटच्या मॅक्लेलन उपसमितीपुढे, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर त्याने 'कोसा नोस्त्रा'ची घडण सांगितली. सभागृहात मोठाले तक्ते टांगलेले होते आणि प्रत्येक तक्त्यावर माथ्याला बॉसचं छायाचित्र. बहुतेक फॅमिलींची नावं त्या घटकेला जे प्रमुख होते त्यांच्यावरून पडली आणि पुढे ती रूढ झाली. वलाचीच्या साक्षीचं मोल मोठं आहे, पण तिची मर्यादा तिच्या जागेतच आहे. तो सोल्जर होता. तुकडीतलं जगणं, हिस्सा, शपथ, भांडणं हे सगळं त्याने आतून पाहिलं होतं. माथ्यावरचं त्याला ऐकून माहीत होतं. तक्त्यांनी मात्र दोन्ही गोष्टींना सारखंच वजन दिलं.

१९५९नंतरची फॅमिली त्या तक्त्यात बसत नाही. बॉस तुरुंगात, बाहेर कारभार पाहायला तीन माणसं: मॅनहॅटनमध्ये एबोली, न्यू जर्सीत कटेना आणि कॉन्सिलियेरे माइक मिरांडा. एप्रिल १९६२मध्ये स्ट्रोलो घरातून बाहेर पडला तो पुन्हा दिसला नाही. एकाच्या हातात सगळं असण्याऐवजी जबाबदारी वाटलेली असली, की एकाला अटक झाल्याने काम थांबत नाही, हे या दहा वर्षांत फॅमिली शिकली. पुढच्या सगळ्या लपवाछपवीचं मूळ मला या दशकात दिसतं. गरजेपोटी सुरू झालेली तात्पुरती सोय पुढे धोरण झाली.

जेनोव्हीज मेल्यावर अंधार दाट होतो. कटेना स्वाभाविक वारस होता, पण न्यू जर्सीच्या चौकशी आयोगापुढे उत्तरं द्यायला नकार दिल्याने १९७०पासून पाच वर्षं तो कोठडीत राहिला. वर्तमानपत्रांनी एबोलीला बॉस म्हटलं. १६ जुलै १९७२च्या रात्री ब्रुकलिनमध्ये एबोलीला गोळ्या घालण्यात आल्या. याचे दोन अर्थ लावले गेले. जुना अर्थ असा: एबोलीने दुसऱ्या फॅमिलीचा प्रमुख कार्लो गॅम्बिनो याच्याकडून घेतलेलं मोठं कर्ज बुडालं, गॅम्बिनोने त्याचा काटा काढला आणि आपल्या मर्जीतल्या टिएरीला गादीवर बसवलं. कफारोची साक्ष खरी मानली तर दुसरा अर्थ निघतो: एबोली कधी गादीवर नव्हताच, खरा बॉस लोम्बार्डो जागचा हलला नाही आणि बदलला तो फक्त दर्शनी माणूस. पहिल्या अर्थात एक फॅमिली दुसरीच्या अंकित होते. दुसऱ्यात ती स्वतःची राहते आणि बाहेरच्यांना मात्र आपण तिला अंकित केल्याचं समाधान मिळतं.

दर्शनी बॉस नेमायची गरज काय? पहिलं कारण कायदा. १९६८मध्ये न्यायालयाच्या परवानगीने संभाषणं चोरून ऐकण्याची मुभा पोलिसांना मिळाली आणि १९७०मध्ये 'रिको' कायदा आला. या कायद्याने सुटा गुन्हा बाजूला ठेवून अख्खी टोळी हाच गुन्ह्याचा विषय करता येऊ लागला. १९८०मध्ये फॅमिलीचा प्रमुख म्हणून 'रिको'खाली दोषी ठरणारा पहिला माणूस टिएरीच होता. शिक्षा सुनावल्यावर काही आठवड्यांतच, मार्च १९८१मध्ये, तो मेला. दर्शनी बॉसने ज्यासाठी जागा अडवली होती ते काम त्याच्या हातून झालं, असं म्हणता येईल. दुसरं कारण इतर फॅमिली. कमिशनच्या बैठकांना जायचं, भेटीगाठी घ्यायच्या, तंटे ऐकायचे म्हणजे चार जागी दिसावं लागतं आणि जो दिसतो तो टिपला जातो. तिसरं कारण फॅमिलीच्या आतलं होतं. ज्याच्याकडे गादी आहे असं समजलं जातं त्याच्याविरुद्धच कट होतात.

मराठी वाचकाला गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला ही व्यवस्था परिचयाची आहे. पण तिथे कोणाकडे काय आहे हे हैदराबादच्या निजामापासून कलकत्त्याच्या इंग्रजांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तो उघड करार होता. इथे सगळी मदार होती ती कोणालाही ठाऊक नसण्यावर.

सालेर्नोला मात्र निव्वळ बुजगावणं समजू नये. ईस्ट हार्लेममधला 'पाल्मा बॉइज सोशल क्लब' हे त्याचं ठाणं. तिथे बसून तो बांधकाम, युनियन, व्याजबट्टा यांचे खरेखुरे निर्णय घेत होता. मॅनहॅटनमधल्या वीस लाख डॉलरच्या वरच्या काँक्रीटच्या कामांवर चार फॅमिली मिळून दोन टक्के घेत, त्यातला त्याचा वाटाही खराच होता. पण क्लबात पोलिसांनी बसवलेल्या यंत्रांनी एक प्रसंग टिपला. दुसऱ्या फॅमिलीकडून नव्या भरतीसाठी आलेली नावं पाहताना, यांची टोपणनावं लिहिलेली नाहीत म्हणून आपण कोणालाच ओळखत नाही, अशी तक्रार त्याने केली आणि हा विषय आपण बॉसवर सोडू असं तो म्हणाला. जो स्वतः बॉस समजला जातो तो कोणत्या बॉसबद्दल बोलत होता? कफारोची साक्ष विश्वासार्ह वाटते ती मुख्यतः अशा टिपणांमुळे.

तरी ती जपूनच घेतली पाहिजे. कफारो सालेर्नोचा जवळचा माणूस आणि ११६व्या रस्त्याच्याच तुकडीतला. लोम्बार्डो आणि सालेर्नो यांच्यातलं नातं त्याने डोळ्यांनी पाहिलं असणार. पण टिएरीचा वावर ब्रुकलिनचा. त्याच्याबद्दल कफारोला किती माहीत होतं आणि किती आपल्या तुकडीचा मोठेपणा होता, हे वेगळं करणं अवघड आहे. शिवाय तो शिक्षेची टांगती तलवार असताना बोलत होता. त्याला जामिनावर सोडताना उपचारांचं कारण पुढे केलं गेलं, प्रत्यक्षात तो सरकारसाठी काम करत होता, याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालातल्या भिन्नमतात न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी लक्ष वेधलं आहे.

जिगान्टेच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. सलिव्हन स्ट्रीटवरच्या क्लबात तो बसे. आपलं नाव कोणी तोंडाने घ्यायचं नाही, असा त्याचा दंडक होता. त्याच्याविषयी बोलायचं असेल तर माणसं हनुवटीला बोट लावत, कारण त्याचं टोपणनाव 'चिन' होतं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो मनोरुग्णालयांत अधूनमधून दाखल होत असे आणि डॉक्टरही त्याला आजारी म्हणत. धर्मगुरू असलेला त्याचा भाऊ जाहीरपणे तेच सांगत असे. गादीवर असताना त्याच्यावर पहिला मोठा आरोप १९९०मध्ये ठेवला गेला तो शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या इमारतींमधल्या खिडक्या बदलण्याच्या कंत्राटांचा. खटल्याला उभं राहण्याइतका तो शुद्धीत आहे का, याच वादात पुढची काही वर्षं गेली. शेवटी इतर फॅमिलींतून फुटलेल्यांनी, त्यांत गॅम्बिनो फॅमिलीचा अंडरबॉस साल्व्हातोरे ग्राव्हानोही होता, कमिशनच्या बैठकीतला पूर्ण शहाणा जिगान्टे न्यायालयापुढे उभा केला. जुलै १९९७मध्ये तो दोषी ठरला आणि बारा वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २००३मध्ये न्यायालयात त्याने स्वतःच कबूल केलं, की वेडाचं सोंग न्यायाच्या मार्गात अडथळा आणण्यासाठी होतं. डिसेंबर २००५मध्ये तो कैदेत मेला.

आता ही सगळी नावं तुकड्यांवर मांडून पाहावीत. लुचियानो-कॉस्टेलोंच्या काळानंतर फॅमिलीचा मध्य दोन मोहल्ल्यांत हलताना दिसतो. स्ट्रोलो, एबोली, जिगान्टे हे ग्रीनिच व्हिलेजचे. जिगान्टे मुष्टियुद्ध खेळत असताना त्याचा मॅनेजर एबोलीच होता. लोम्बार्डो, सालेर्नो, कफारो हे ईस्ट हार्लेमचे. एबोलीला पुढे करून लोम्बार्डोने मागे राहणं म्हणजे दोन तुकड्यांमधली तडजोड होती, असं मला वाटतं. त्याच न्यायाने १९८१मध्ये गादी जिगान्टेकडे जाणं आणि दर्शनी जागी सालेर्नो राहणं हीही तडजोडच, फक्त पारडी बदललेली. सत्ता व्हिलेजकडे, मान हार्लेमकडे. असं वाचलं की 'खरा बॉस कोण' या प्रश्नाचं टोक बोथट होतं आणि 'कोणत्या तुकडीचं पारडं जड' हा जास्त उपयोगी प्रश्न पुढे येतो.

लांबच्या तुकड्यांचा अनुभवही हेच सांगतो. न्यू जर्सीतला लुई मन्ना हा जिगान्टेचा कॉन्सिलियेरे. गॅम्बिनो फॅमिलीचा प्रमुख जॉन गॉटी याच्या खुनाच्या कटात तो १९८९मध्ये दोषी ठरला. गादीवरची नावं बदलत राहिली, माणसं आत-बाहेर झाली, तरी जर्सीची बंदरं आणि स्प्रिंगफील्डची वसुली त्या त्या तुकड्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

मग प्रत्येक कागदावर एकाच माणसाचं नाव माथ्याला का? कारण ज्यांनी कागद केले त्या प्रत्येकाला त्याची गरज होती. पोलिसांच्या तक्त्याला वरचा चौकोन रिकामा ठेवता येत नाही. आरोपपत्राला टोळी एक सलग घटक म्हणून सिद्ध करायची असते आणि प्रमुखाचं नाव नसेल तर तो घटक विस्कळीत दिसतो. फुटलेल्या साक्षीदाराची किंमत त्याच्या माहितीवर ठरते आणि माथ्यावरच्या माणसाच्या माहितीला सर्वांत जास्त किंमत. वर्तमानपत्राला ठळक मथळा हवा असतो. आत्मचरित्र लिहिणाऱ्या जुन्या प्रमुखाला आपण राजांच्या पंगतीत बसलो होतो हे सांगायचं असतं. जोसेफ बोनानोचं आत्मचरित्र १९८३मध्ये आलं आणि त्यातल्या कमिशनच्या वर्णनानेच सरकारी वकील रुडॉल्फ जुलियानी यांना सगळ्या प्रमुखांवर एकत्र खटला भरण्याची कल्पना सुचली. कोणी खोटं बोलत होतं असं नाही. प्रत्येकाच्या साच्यात एकाच डोक्याला जागा होती, एवढंच.

आपल्याकडेही अशा कागदांना जागा करून देणारा कायदा आहे: महाराष्ट्रात १९९९मध्ये 'मोक्का' आला. 'रिको'ने दहा वर्षांत किमान दोन गुन्ह्यांची साखळी मागितली, 'मोक्का'ने दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रांची. दोन्ही कायद्यांत सुट्या कृत्यामागची टोळी उभी करून दाखवावी लागते. 'टोळीप्रमुखासह अमुक जणांवर मोक्का' अशी बातमी वाचताना तो 'टोळीप्रमुख' हा शब्द कोणत्या कागदातून आला आणि त्या कागदाला त्याची गरज का होती, एवढं विचारायची सवय या पुस्तकाने लागली तर मला आनंद होईल.

एक इशारा द्यायला हवा. 'गॉडफादर'च्या कादंबरीने आणि चित्रपटाने आपल्याकडेही या लोकांभोवती एक रुबाब उभा केला आहे आणि गादीच्या डावपेचांत रमलं की तो नकळत अंगात भिनतो. जिगान्टेचं सोंग रंजक आहे, पण त्या सोंगाआड काय चाललं होतं तेही पाहावं. सरकारी घरांतल्या प्रत्येक खिडकीमागे डॉलर-दोन डॉलर टोळीकडे जात होते आणि त्या घरांत गरीब कुटुंबं राहत होती. गोदीतल्या मजुराला युनियनच्या नावाखाली लुबाडलं जात होतं. मोठ्या बांधकामांचं काँक्रीट दोन टक्क्यांनी महाग होत होतं. हा भार उचलणाऱ्यांना बॉसचं नाव ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांच्या दारात यायचा तो तुकडीतला माणूस.

शेवटी माझी स्वतःची बाजू सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढे वाद घालणं सोपं जाईल. लुचियानोची हद्दपारी झाल्यानंतर कॉस्टेलोला मी पूर्ण बॉस मानतो. १९५९ ते १९६९ या काळात फॅमिलीला एकच बॉस होता हे म्हणणं मला पटत नाही. लोम्बार्डोबद्दलची कफारोची साक्ष मला सालेर्नोपुरती ग्राह्य वाटते, एबोलीपुरती संभाव्य. टिएरीपुरता प्रश्न मी उघडा ठेवतो. जिगान्टेबद्दल मला शंका नाही. पुढच्या प्रकरणांत नावं आणि सालं येतील तेव्हा प्रत्येक वेळी चार गोष्टी विचाराव्यात: हा बॉस आहे असं कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, कधी म्हणालं आणि तसं म्हणण्यात त्याचा फायदा काय होता. माझ्या निवाड्यांनाही हीच कसोटी लावावी. त्यातले एक-दोन तिच्यावर उतरले नाहीत, तर ते बाजूला सारून वाचकाने आपला तक्ता स्वतः मांडावा, आणि तो मांडताना सुरुवात खालच्या ओळीपासून करावी.